रक्त पातळ करणारी औषधे आणि जंतूंचे विष

नाशकातील सुशिक्षित कुटुंबांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत दोन शब्द असे रुळले आहेत की, आमच्या आजोबांच्या काळी ते मोठमोठ्या डॉक्टरांच्याही बोलण्यात क्वचितच येत असत. पहिला ‘प्लेटलेट’ व दुसरा ‘रक्त पातळ होण्याची गोळी’. पावसाळा सरत आला व डेंग्यूचा बोभाटा झाला, म्हणजे रविवार कारंजावर भाजी घेतानासुद्धा कोणाच्या प्लेटलेट किती हजारांवर उतरल्या याची वार्ता कानी पडते. आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळीची नळी, बसवून आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या उशाशी ती गोळी असतेच.

एरवी या दोहोंचे एकमेकांशी काही वाकडे नाही. परंतु अशाच एखाद्या वृद्ध गृहस्थास मूत्रमार्गातून, फुप्फुसातून वा पित्ताशयातून जंतुदोष जडला, हुडहुडी भरून ताप चढला, आणि तपासणीत प्लेटलेट दोन लाखांवरून साठ हजारांवर आल्याचे कळले, म्हणजे घरात मोठा पेच उभा राहतो. एक म्हणतो, ‘प्लेटलेट कमी, म्हणजे रक्तस्राव होणार; ती गोळी आधी बंद करा.’ दुसरा म्हणतो, ‘गोळी बंद केली आणि नळीत गुठळी झाली तर?’ परदेशी असलेले चिरंजीव दूरध्वनीवरून तिसरेच काही सांगतात. या पेचाच्या मुळाशी जे शास्त्र आहे ते मोठे मनोवेधक असून अद्याप पुरते उलगडलेले नाही. आम्ही चिकित्सक नव्हे. तथापि जिज्ञासू वाचकांसाठी त्याचा यथामति परामर्श घेण्याचे योजिले आहे.

प्रथम प्लेटलेट म्हणजे काय ते पाहू. आपल्या शालेय पुस्तकांनी यांस ‘रक्तपट्टिका’ असे सुटसुटीत नाव दिले आहे, तेच येथे वापरू. इटलीतील तुरिन येथील जूलिओ बिझोझेरो या शास्त्रज्ञाने १८८२ च्या सुमारास त्यांचे स्वतंत्र अस्तित्व व रक्त थांबविण्यातील त्यांचे कार्य स्पष्टपणे दाखवून दिले. वस्तुतः पट्टिका ही पुरती पेशीच नव्हे. अस्थिमज्जेत काही राक्षसी आकाराच्या पेशी असतात. त्यांच्या अंगाचे बारीक तुकडे सुटून रक्तात येतात, तेच हे. त्यांना केंद्रक नसते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात त्यांची संख्या दीड ते साडेचार लाख असते, आणि प्रत्येकीचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. यावरून आपली मज्जा दररोज सुमारे शंभर अब्ज पट्टिका नव्याने घडवीत असली पाहिजे, हे ध्यानात येईल.

ही संख्या कायम राखणारी जी व्यवस्था देहात आहे ती पाहिली म्हणजे कोणत्याही हिशेबनिसाने माना डोलवावी. यकृत एक संप्रेरक सतत रक्तात सोडीत असते. त्याने मज्जेस पट्टिका घडविण्याची आज्ञा मिळते. गंमत ही की, हे संप्रेरक पट्टिकाच शोषून घेतात. पट्टिका पुष्कळ असल्या तर त्या बहुतेक संप्रेरक गिळून टाकतात आणि मज्जेपर्यंत आज्ञा फारशी पोचत नाही. पट्टिका घटल्या की शोषून घेणारे कोणी उरत नाही, आज्ञा जोराने पोचते व मज्जा कामास लागते. शिवाय ताप-दाहाच्या वेळी जी रासायनिक द्रव्ये रक्तात उसळतात त्यांपैकी एक यकृतास हे संप्रेरक अधिक करावयास लावते. म्हणूनच जंतुज्वरातून उठलेल्या रोग्याच्या पट्टिका प्रथम घसरतात आणि बरे होताना कित्येकदा वाजवीपेक्षाही वर चढतात. ते पाहून घरची मंडळी पुन्हा घाबरतात. पण बहुधा हे मज्जेच्या उत्साहाचे लक्षण असते.

आता जंतूंच्या विषाकडे वळू. नाशिक जिल्ह्यास या विषाची ओळख फार कटू रीतीने झालेली आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि पुढे रेल्वेच्या वाटेने घाटावर पसरला. नाशकाजवळच्या भगूर गावी १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर याच रोगाने वारले, व त्यांची मुले पोरकी झाली. विनायकराव तेव्हा सोळा वर्षांचे होते. अशी घरे त्या वर्षांत या जिल्ह्यात किती बसली असतील! प्लेगचा जंतू रक्तात शिरला म्हणजे त्वचेवर काळेनिळे डाग पडत, कधी बोटांची अग्रे काळी पडत. एकीकडे सूक्ष्म वाहिन्यांत रक्त गोठून बसलेले आणि दुसरीकडे त्वचेखाली रक्त झिरपत असलेले, असा हा विलक्षण प्रकार असे. गोठणे आणि वाहणे ही दोन्ही एकाच देहात एकाच वेळी कशी घडतात, हे कोडे सुटण्यास पुढे अर्धे शतक लागले.

त्या कोड्याचे एक सूत्र मात्र ज्याच्या हाती होते तो मनुष्य त्याच सुमारास मुंबईस येऊन गेला होता. जर्मन सरकारने १८९७ साली प्लेगच्या अभ्यासासाठी जे मंडळ मुंबईस पाठविले त्यात रिखार्ड फायफर हा होता. पाच वर्षांपूर्वी बर्लिन येथे, रॉबर्ट कॉख याच्या संस्थेत, पटकीच्या जंतूंवर काम करताना त्यास आढळले होते की, उष्णतेने मारून टाकलेले जंतूही गिनीपिगास टोचले असता तो प्राणी मरतो. म्हणजे विष जंतू बाहेर टाकीत नव्हता. ते त्याच्या अंगातच होते. यास त्याने ‘अंतर्विष’ या अर्थाचे नाव दिले. (पटकीत जी पाण्यासारखी ढाळ लागते तिचे विष निराळे; ते जंतू बाहेर टाकतो, व त्याचा शोध आमच्याच देशात, कलकत्त्यास, डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ साली लाविला.) त्याच १८९७ च्या जानेवारीत हाफकिन याने मुंबईत मृत जंतूंची प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, तेव्हा त्यास चांगलाच ताप भरला. मेलेल्या जंतूंच्या आवरणाचा त्या तापात मोठा वाटा असला पाहिजे, हे आज आपण सांगू शकतो.

हे अंतर्विष म्हणजे काही जातींच्या जंतूंचे बाह्य आवरणच होय. मेद व शर्करा यांच्या जोडणीने बनलेले. मुदतीच्या तापाचा जंतू, मूत्रमार्गात दाह उत्पन्न करणारा जंतू, प्लेगचा जंतू, हे सारे याच गटातले. आपल्या श्वेतपेशींच्या अंगावर या विषास ओळखणारे पहारेकरी असतात, आणि नवलाची गोष्ट अशी की, रक्तपट्टिकांवरही तसाच पहारेकरी आढळतो. प्लेगचा जंतू मोठा कावेबाज. मनुष्यदेहाच्या उष्णतेत तो आपल्या आवरणाची घडणच पालटतो, तेणेकरून पहारेकऱ्यास प्रारंभी तो ओळखू येत नाही, आणि ओळख पटते तोवर त्याची संख्या अनावर झालेली असते.

ओळख पटली म्हणजे काय होते? एका जातीच्या श्वेतपेशी रक्त गोठविण्याची कळ दाबणारे एक प्रथिन आपल्या अंगावर प्रकट करतात. त्यापासून साखळीने थ्रॉम्बिन नामक विकर बनते, जे रक्तातील द्रव तंतूचे घन तंतूत रूपांतर करते. आणि पट्टिकांस चेतविणारा थ्रॉम्बिनाइतका प्रबळ पदार्थ दुसरा क्वचितच असेल. चेतलेल्या पट्टिका एकमेकींस चिकटतात, श्वेतपेशींस चिकटतात, वाहिन्यांच्या भिंतींस चिकटतात. श्वेतपेशींची दुसरी एक जात याहून पुढे जाते: ती आपल्या केंद्रकातील धागे उसवून बाहेर फेकते व त्यांच्या जाळ्यात जंतूंस अडकविते. हे जाळे प्रथम २००४ साली बर्लिन येथे दिसून आले, आणि ते टाकण्याचा इशारा विषाने चेतलेली पट्टिका देते, असे २००७ साली कॅनडातील कॅलगरी येथील संशोधकांनी दाखविले. म्हणजे जिला आपण केवळ जखमेचे बूच समजत होतो ती पट्टिका जंतूंविरुद्धच्या युद्धात दवंडी पिटणारीही ठरली.

पण जाळे जंतूंस अडकविते तसेच वाटही अडविते. मूत्रपिंड, फुप्फुस, यकृत यांच्या केसाहून बारीक वाहिन्या अशा गुठळ्यांनी बुजतात, व ती इंद्रिये उपाशी मरू लागतात. पट्टिका व गोठविणारी प्रथिने या कामी इतकी खर्ची पडतात की, इतरत्र रक्त थांबविण्यास काही शिल्लक राहत नाही. प्लेगच्या रोग्याच्या अंगावर गुठळी व रक्तस्राव एकाच वेळी का दिसत, याचे उत्तर हेच. आणि आपल्या वृद्ध गृहस्थाच्या पट्टिका साठ हजारांवर का आल्या, याचेही. डेंग्यूतील घट व ही घट कागदावर एकाच आकड्याने दिसली तरी त्यांची कुळे भिन्न आहेत. घरोघरी पपईच्या पानांचा रस काढण्याची जी प्रथा पडली आहे तिच्या गुणावगुणांचा निवाडा आम्ही येथे करीत नाही. परंतु जंतुदोषाने पट्टिका खर्ची पडत असता रस काढीत बसण्यात जे तास जातात ते मात्र परत मिळत नाहीत. तेथे जंतुनाशक औषध वेळेवर शिरेत जाणे हाच मुख्य उपाय होय.

मग मनात सहजच येते की, गोठण्यानेच एवढा अनर्थ होत असेल तर रक्त गोठू न देणारे औषध दिले म्हणजे झाले! शास्त्रज्ञांच्याही मनात हेच आले. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी या औषधांची कुळकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ‘रक्त पातळ करणारी’ हा शब्द मुळातच फसवा. यांपैकी एकानेही रक्त पातळ होत नाही. ते गोठण्यास वेळ लागतो इतकेच. सुश्रुताने सविष सहा व निर्विष सहा अशा बारा जळवा वर्णिल्या. जळू सोडल्यावरही जखम का वाहते, याचे कारण तिच्या लाळेत आहे, हे हेक्राफ्ट याने १८८४ साली दाखविले. हेपॅरिन १९१६ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे मॅक्लीन नावाच्या विद्यार्थ्यास सापडले. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. ही गोष्ट आमच्या सोवळ्या घरांत फारशी कोणास ठाऊक नसते, आणि ठाऊक झाली तरी शहाणी मंडळी आपद्धर्म म्हणून तिकडे कानाडोळा करतात, हे योग्यच आहे. वॉरफरिनची कथा याहून चमत्कारिक. सडलेले गवत खाऊन अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने मरत. त्या गवतातील द्रव्याचा माग कार्ल लिंक याने काढला, व त्यापासून बनविलेले वॉरफरिन १९४८ साली प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्याचे औषध म्हणून! ज्या उंदरांनी प्लेग पसरविला त्यांच्यासाठी योजिलेले हे विष १९५४ पासून मनुष्याच्या हृदयरोगात वापरात आले.

ही दोन औषधे रक्तद्रवातील गोठण्याच्या साखळीवर काम करतात; पट्टिकेस ती थेट स्पर्श करीत नाहीत, परंतु थ्रॉम्बिन घटल्याने तिची चेतना आपोआप मंदावते. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांचा हल्ला मात्र पट्टिकेवरच. ॲस्पिरिन पट्टिकेतील एक विकर कायमचे निकामी करते, हे कार्य १९७० नंतर उघड झाले. पट्टिकेस केंद्रक नसल्याने नवे विकर घडविण्याची तिला सोय नाही. म्हणून एका गोळीचा परिणाम त्या पट्टिकेच्या मरणापर्यंत टिकतो. ‘आज गोळी बंद केली, उद्या रक्त पूर्ववत्’ असे ज्यांस वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावे. क्लोपिडोग्रेल पट्टिकेवरील एक कुलूप बंद करते. त्या कुलुपाला लागणारी किल्ली, म्हणजे शेजारच्या पट्टिकेचा ‘या, जमा’ हा निरोप, मग फिरत नाही.

आता मूळ हकीकत. सशास अंतर्विषाची एक टोचणी देऊन चोवीस तासांनी दुसरी दिली, तर त्याची मूत्रपिंडे गुठळ्यांनी भरून जातात, हे १९२० ते १९३० या दशकात सानारेल्ली व श्वार्ट्झमन यांनी दाखविले होते. १९५३ साली अमेरिकेत गुड व टॉमस यांनी त्याच सशांस आधी हेपॅरिन दिले, मूत्रपिंडे वाचली. केवढी आशा वाटली असेल! जणू जंतुविषाचा उतारा सापडला. परंतु ससा हा मनुष्य नव्हे, आणि प्रयोगशाळेत विष कधी टोचले हे घड्याळावर ठाऊक असते, रुग्णालयात ते कोणास ठाऊक नसते. पुढे मनुष्यांवर जे मोठे प्रयोग झाले त्यांची कथा उत्साहभंगाची आहे. गोठण्यास आळा घालणारे अँटिथ्रॉम्बिन हे देहातलेच प्रथिन २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २३१४ रोग्यांवर पारखले गेले. मृत्यू कमी झाले नाहीत, आणि जोडीने हेपॅरिन घेणाऱ्यांत रक्तस्राव मात्र वाढला. त्याच वर्षी दुसऱ्या एका देहस्थ प्रथिनाने १६९० रोग्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३०.८ वरून २४.७ वर आणल्याचे प्रसिद्ध झाले व ते अत्यंत महाग औषध जगभर चालू झाले; पण नव्या प्रयोगात तो गुण टिकला नाही, व २०११ च्या ऑक्टोबरात उत्पादकांनी ते बाजारातून काढून घेतले. दहा वर्षे जगातील अतिदक्षता विभागांनी त्यावर विश्वास ठेविला होता.

पट्टिकांवरील औषधांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. आधीपासून ॲस्पिरिन घेणारे रोगी जंतुदोषातून अधिक संख्येने वाचतात, असे कित्येक रुग्णालयांच्या दप्तरांवरून दिसले. परंतु असे रोगी नियमाने डॉक्टरांकडे जाणारे, औषध वेळेवर घेणारे, म्हणजे मुळातच जपून वागणारे असतात. तेव्हा श्रेय गोळीचे की स्वभावाचे? याचा निकाल लावण्यासाठी ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या १६,७०३ निरोगी वृद्धांस दोन गटांत विभागून वर्षानुवर्षे ॲस्पिरिन अथवा निर्गुण गोळी दिली गेली. जंतुदोषाने होणारे मृत्यू ॲस्पिरिनने कमी झाले नाहीत.

दुसरी वाट धाडसाची. निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे येतात, व त्यांच्या शिरेत अंतर्विषाची अत्यल्प मात्रा, दर किलो वजनास ग्रॅमच्या एका-दोन अब्जांशांएवढी, सोडली जाते. काही तास थंडी, ताप, डोकेदुखी होऊन ते बरे होतात, आणि दर तासाचे त्यांचे रक्त शास्त्राच्या हाती लागते. इंग्लंडात शेफील्ड येथे अशा ३० तरुणांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला: क्लोपिडोग्रेल व त्याच जातीचे टिकाग्रेलॉर आधी घेतलेल्यांत पट्टिका व श्वेतपेशी यांची चिकटाचिकटी कमी झाली आणि दाहक द्रव्यांची उसळीही बरीच खाली आली. पण लगेच पुढच्या वर्षी व्हिएन्ना येथे त्याच वर्गातील प्रासुग्रेल देऊन पाहिले, तर विषाने सुरू झालेले गोठण्याचे चक्र काही थांबले नाही. नेदरलंड्समध्ये तर ॲस्पिरिन घेणाऱ्यांत दाह वाढल्याचे दिसले! आम्हांस यात विसंगती वाटत नाही. पट्टिका ही एकाच वेळी अनेक कामे करणारी. तिची एक कळ बंद केली म्हणून बाकीच्या बंद होतात असे नाही. शिवाय थ्रॉम्बिनाचा मार्ग या गोळ्यांनी उघडाच राहतो.

२०२० व २०२१ च्या साथीत हेपॅरिनच्या सुया आमच्या शहरातही घरोघरच्या बोलण्यात आल्या, त्यावरून पुष्कळांचा असा ग्रह झाला आहे की, प्रत्येक भारी तापात ती सुई हवीच. तो रोग विषाणूचा होता. आणि तेथेसुद्धा पूर्ण मात्रा मध्यम आजाऱ्यांस उपकारक व अत्यवस्थांस निरुपयोगी ठरली. जंतुदोषाने अंथरुणास खिळलेल्या रोग्यास आज हेपॅरिन देतात ते अल्प मात्रेत, पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून. विषाचा उतारा म्हणून नव्हे. क्वचित हेपॅरिननेच देहात असे प्रतिद्रव्य उत्पन्न होते की, पट्टिका झपाट्याने घटतात आणि तरीही गुठळ्या होतात. सुई सुरू झाल्यावर पाच ते दहा दिवसांत संख्या निम्म्यावर आली, तर डॉक्टर ती तात्काळ बंद करतात ते याच कारणाने.

तेव्हा त्या पेचाचे काय? नळी बसवून थोडेच महिने झाले असतील, तर क्लोपिडोग्रेल एकाएकी सोडणे म्हणजे हृदयाच्या वाहिनीत गुठळीस आमंत्रण, आणि अशी गुठळी पुष्कळदा प्राणघातक ठरते. उलट पट्टिका पन्नास हजारांच्या बऱ्याच खाली गेल्या, शौच काळी होऊ लागली, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर गोळी चालू ठेवणेही घातक. दोहोंच्या मधला प्रदेश फार मोठा असून तेथे निर्णय रोगी पाहूनच करावा लागतो. नळी कोणती, कधी बसविली, संख्या किती वेगाने उतरत आहे, मूत्रपिंडे कशी आहेत, हे सारे पाहावे लागते. रक्तस्राव नसता केवळ आकड्यासाठी पट्टिकांची बाटली चढविण्याचा आग्रह नातलगांनी धरू नये. संख्या दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुधा तिची गरज पडत नाही. आमच्या नाशकात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, आणि राज्यातील तरुण डॉक्टर त्याचीच पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांस घरच्यांनी हे प्रश्न निःसंकोच विचारावेत. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

वॉरफरिन घेणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. तापासाठी जी जंतुनाशक औषधे देतात त्यांतील काही वॉरफरिनचा जोर कितीतरी वाढवितात. त्यात रोग्याचे जेवण सुटलेले, पालेभाजी पोटात नाही, म्हणजे त्या औषधास तोलून धरणारे जीवनसत्त्वही कमी. अशा वेळी नेहमीची महिन्याची तपासणी येईपर्यंत थांबू नये, दोन-तीन दिवसांतच रक्त पाहून घ्यावे. आणि ताप आला म्हणून रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरांकडे न्यावे लागले, तर जुन्या गोळ्यांच्या पट्ट्या व स्टेंटचे कार्ड एका पिशवीत घालून बरोबर न्यावे. ‘हृदयाची कसलीशी गुलाबी गोळी घेतात’ एवढ्या वर्णनावरून कोणाही धन्वंतरीस काही उमगत नाही.